कुत्र्याच्या हृदयाची गोळी आणि किडनीचा हिशेब

औषधाच्या दुकानात एनालाप्रिल आणि फ्युरोसेमाइडची चिठ्ठी पुढे केली की दुकानदार सवयीने विचारतो, "पेशंटचं वय काय?" "बारा," असं उत्तर आलं की तो चिठ्ठी पुन्हा वाचतो. मग उलगडा होतो, पेशंट म्हणजे घरातला पॉमेरेनियन. आपल्याकडे कुत्र्यांच्या हृदयाची बरीचशी औषधं अशी माणसांच्याच दुकानातून, माणसांच्याच स्ट्रिपमधून येतात. गोळीचा अर्धा किंवा पाव तुकडा करायचा, पोळीच्या घासात दडवायचा आणि द्यायचा. तीच गोळी आजोबांच्या डब्यात बीपीची म्हणून असते आणि कुत्र्याच्या डब्यात हार्टची म्हणून. दोन आठवड्यांनी रक्ततपासणी होते, क्रिएटिनिनचा आकडा वर गेलेला दिसतो आणि घरात एकच निष्कर्ष निघतो: गोळ्यांनी किडनी घालवली.

हा निष्कर्ष अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा समजून घेतला नाही, तर माणसं घाबरून औषध बंद करतात आणि कुत्रा चार दिवसांत धापा टाकायला लागतो. कधी उलटही होतं. आकडा थोडा वाढणारच, असं ऐकून माणसं निर्धास्त होतात आणि खरोखरचा धोका दारात उभा असताना त्याच्याकडे लक्ष जात नाही.

आधी आजाराबद्दल. माणसांत हृदयविकार म्हटलं की रक्तवाहिन्यांतले अडथळे, बायपास, स्टेंट हे शब्द येतात. कुत्र्यांत हा प्रकार विरळाच. पॉमेरेनियन, डॅशहुंड, शित्झू, कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल अशा लहान चणीच्या जातींत म्हातारपणी हृदयाच्या डाव्या बाजूची मिट्रल झडप जाड आणि गाठाळ होते. ती नीट मिटत नाही. प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त मागे फिरतं, डावा कप्पा फुगत जातो आणि शेवटी दाब फुफ्फुसांपर्यंत पोहोचून तिथे पाणी साठतं. डॉबरमन आणि ग्रेट डेन यांसारख्या मोठ्या जातींत झडपेपेक्षा हृदयाचा स्नायूच सैल पडतो.

रक्तदाबाचंही तसंच. माणसांत बहुतेकदा उच्च रक्तदाबाला ठोस एक कारण सापडत नाही. कुत्र्यांत मात्र तो बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी आजाराच्या मागून येतो, जसं जुनाट किडनीविकार, कुशिंग, मधुमेह किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथीची गाठ. म्हणजे बीपी वाढलेल्या कुत्र्याची किडनी पुष्कळदा गोळी सुरू होण्याआधीच आजारी असते. दुसरीकडे, झडपेच्या आजारासाठी एनालाप्रिल घेणाऱ्या कुत्र्याचा रक्तदाब अनेकदा अगदी नॉर्मल असतो. गोळी एक असली तरी ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि किडनीवरचा परिणामही दोन्हीकडे वेगळ्या तऱ्हेने वाचावा लागतो.

हृदय, रक्तदाब आणि किडनी यांचं नातं विज्ञानाला उमगलं ते बहुतांशी कुत्र्यांच्याच जिवावर. १८९८ साली स्टॉकहोममध्ये रॉबर्ट टिगरस्टेट आणि पेर बेर्गमन यांनी सशाच्या किडनीचा अर्क दुसऱ्या सशांना टोचला, तेव्हा त्यांचा रक्तदाब चढला. त्या अर्कातल्या द्रव्याला त्यांनी रेनिन हे नाव दिलं आणि पुढची तीसेक वर्षं त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. मग १९३४ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या किडनीकडे जाणाऱ्या धमनीला चांदीचा चिमटा लावला. रक्त पूर्ण थांबवलं नाही, फक्त वाट अरुंद केली. कुत्र्यांचा रक्तदाब वाढला आणि वाढलेलाच राहिला. रक्त कमी पोहोचलं की किडनी सगळ्या शरीराचा दाब चढवते, हे त्या चिमट्याने दाखवून दिलं.

हृदयविकारात नेमका हाच खेळ चिमट्याशिवाय चालतो. विश्रांतीच्या वेळी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा किडन्यांकडे जातो. झडप गळायला लागली की पुढे जाणारं रक्त घटतं. किडनीला झडपेचं काही ठाऊक नसतं. जखम होऊन रक्त वाहून गेलं असावं अशीच तिची समजूत होते, कारण उत्क्रांतीच्या लाखो वर्षांत रक्त कमी पडण्याचं नेहमीचं कारण तेच होतं. ती रेनिन सोडते, त्यातून पुढे अँजिओटेन्सिन तयार होतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, अल्डोस्टेरॉन वाढतं, मीठ आणि पाणी शरीरात धरून ठेवलं जातं. जखमी प्राण्याला हे वाचवतं. ज्याचं हृदय आधीच ओझ्याने वाकलंय, त्याच्या पाठीवर मात्र आणखी ओझं चढतं.

ही साखळी तोडणारी गोळी सापडली ती सापाच्या विषात. ब्राझीलच्या सेर्जियो फेरेरा यांनी जराराका नावाच्या तिथल्या विषारी सापाच्या विषातून एक घटक वेगळा केला होता. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात तो घेऊन ते लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत आले. तिथे वाय. एस. बखले हे संशोधक (आडनाव मराठी वाचकाच्या ओळखीचं) अँजिओटेन्सिन तयार करणाऱ्या एन्झाइमवर काम करत होते. १९६८ साली 'नेचर'मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधातलं एन्झाइम कुत्र्याच्या फुफ्फुसातून काढलेलं होतं. सापाच्या विषाने ते एन्झाइम थंडावलं. पुढे अमेरिकेतल्या स्क्विब कंपनीत कुशमन आणि ओंदेत्ती यांनी त्याच धर्तीवर कॅप्टोप्रिल बनवलं आणि त्यामागोमाग एनालाप्रिल, बेनाझेप्रिल, रॅमिप्रिल अशी 'प्रिल' मंडळी आली. १९९०च्या दशकात एनालाप्रिल अधिकृतपणे कुत्र्यांच्या हृदयविकारासाठी वापरात आलं. ज्याच्या फुफ्फुसावर शोध लागला त्याच्यापर्यंत औषध पोहोचायला पाव शतक लागलं.

आता मूळ प्रश्न: या गोळीने क्रिएटिनिन का वाढतं?

कुत्र्याच्या प्रत्येक किडनीत सुमारे चार लाख गाळण्या असतात. त्यातल्या प्रत्येक गाळणीत केशवाहिन्यांचं एक बारीक गुंतवळ असतं. त्यात रक्त आणणारी एक धमनिका आणि रक्त बाहेर नेणारी दुसरी. गाळणं घडतं ते या गुंतवळातल्या दाबामुळे. रक्तपुरवठा घटला की अँजिओटेन्सिन मुख्यत्वे बाहेर नेणारी धमनिका आवळतं. बागेला पाणी घालताना धार कमी पडली की आपण नळीच्या तोंडावर अंगठा दाबतो, तसंच. मागचा दाब टिकतो आणि गाळणं चालू राहतं. दहा किलोच्या कुत्र्याच्या किडन्या अशा तऱ्हेने दिवसाला चाळीस-पन्नास लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात घेतात.

एनालाप्रिलने अँजिओटेन्सिन घटतं आणि तो अंगठा सैल होतो. गाळणीतला दाब उतरतो, गाळणं थोडं मंदावतं, रक्तात क्रिएटिनिन थोडं साचतं. इथे किडनीची एकही पेशी मेलेली नसते. बदललेला असतो फक्त दाब. म्हणूनच गोळी कमी केली किंवा थांबवली की आकडा बहुधा जागेवर येतो. विषबाधा झालेल्या किडनीत असं होत नाही.

गंमत पुढेच आहे. दाब कमी करण्याचा हाच गुण किडनीविकारात औषध म्हणून वापरतात. गाळणीतला दाब सतत जास्त राहिला की ती झिजते आणि लघवीतून प्रथिनं गळू लागतात. ज्या कुत्र्याच्या लघवीतलं प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर वारंवार ०.५च्या वर येतं, त्याला बेनाझेप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळीच सुरू करतात. म्हणजे जिच्यावर किडनी खराब केल्याचा आरोप, तीच किडनीच्या बचावासाठी लिहून दिली जाते. झडपेचा आजार असूनही अजून फुफ्फुसात पाणी न झालेल्या कुत्र्यांना सुमारे दोन वर्षं एनालाप्रिल देऊन केलेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासातही, गोळी घेणाऱ्यांची किडनी न घेणाऱ्यांपेक्षा बिघडलेली आढळली नव्हती. सुरुवातीला किडनी बरी असेल तर क्रिएटिनिनमधली तीस टक्क्यांपर्यंतची वाढ पशुवैद्य सहसा चालवून घेतात. आजार पुढच्या टप्प्यात असेल तर ही सवलत झपाट्याने आकसते.

मग किडनी खरोखर कशाने कोसळते? बहुतेक वेळा लघवीच्या गोळीने. अचूक सांगायचं तर लघवीची गोळी गरजेपेक्षा जास्त झाल्याने.

फुफ्फुसातलं पाणी उतरवायला फ्युरोसेमाइडला तोड नाही. दम लागलेला कुत्रा इंजेक्शननंतर तासा-दोन तासांत पुन्हा आडवा होऊन झोपू शकतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना त्याची किंमत सांगावी लागत नाही. ते किडनीतल्या एका ठरावीक वळणावर मीठ परत घेण्याची क्रिया रोखतं, मीठ लघवीवाटे जातं आणि त्याच्यामागून पाणी. पण औषधाला फुफ्फुसातलं नको असलेलं पाणी आणि रक्तातलं हवं असलेलं पाणी यांत फरक करता येत नाही. जास्त पाणी गेलं की रक्ताचं आकारमान घटतं, किडनीला पुन्हा जखमेची शंका येते, रेनिन पुन्हा उसळतं. अशा वेळी 'प्रिल' गोळीने अंगठाही सैल केलेला असतो. आत येणारं रक्त कमी आणि बाहेरची वाट मोकळी, मग गाळणं उरतं कितीसं? टोरसेमाइड ही याच कुळातली पण मिलिग्रॅममागे फ्युरोसेमाइडच्या दहा ते वीस पट जोरकस गोळी. अर्ध्याची एक झाली तर तिथे चूक किरकोळ राहत नाही.

फ्युरोसेमाइडचा आणखी एक खोडसाळपणा आहे. शरीरात पाणी कमी झालं की निरोगी किडनी लघवी घट्ट करते. म्हणून क्रिएटिनिन वाढलेलं असताना लघवी दाट असेल तर डॉक्टर समजतात की किडनी शाबूत आहे आणि फक्त पाणी कमी पडलंय. लघवीच्या गोळीवर असलेल्या कुत्र्याची लघवी मात्र औषधामुळेच पातळ असते. किडनी ठीक की बिघडलेली, हे सांगणारी सर्वांत स्वस्त खूणच नाहीशी होते. त्यामुळे गोळी सुरू करण्याआधीचा लघवीचा आणि रक्ताचा रिपोर्ट जवळ असणं फार मोलाचं. दुर्दैवाने कुत्रा पहिल्यांदा दवाखान्यात येतो तोच रात्री अकराला, जीभ निळी पडलेली असताना, आणि तेव्हा लघवीचा नमुना घ्यायला कुणाला सुचत नाही.

घरातल्या एका चुकीबद्दल मात्र खडसावूनच सांगायला हवं. या गोळीने कुत्रा वारंवार लघवी करतो. फ्लॅटमध्ये, रात्री, पायपुसण्यावर. वैतागून माणसं पाण्याचं भांडं उचलून ठेवतात. लघवीची गोळी चालू आणि पाणी बंद, याहून किडनीला घातक असं घरात दुसरं काही घडत नसेल. भांडं चोवीस तास भरलेलं हवं. लादी पुसता येते.

तिसरा गडी या खेळात उशिरा आणि गुपचूप येतो. बारा वर्षांच्या कुत्र्याचं हृदय दुखावलेलं असतं तसे गुडघे आणि कंबरही धरलेली असते. जिना चढवेना म्हणून वेदनाशामक सुरू होतं, मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन. कधी दुसऱ्याच डॉक्टरकडून, ज्यांना हृदयाच्या गोळ्यांची कल्पनाच दिलेली नसते. हे औषध प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होऊ देत नाही आणि रक्त तुटपुंजं असताना गाळणीत रक्त आणणारी धमनिका उघडी ठेवायचं काम तीच द्रव्यं करतात. म्हणजे पाणी कमी, आतली वाट अरुंद, बाहेरची वाट सैल. तिन्ही औषधं एकेकटी नीट वापरली तर किडनी सांभाळून घेते. एकत्र आली की तिला हात-पाय मारायलाही जागा उरत नाही.

इतिहासातला योगायोग असा, की हा तिसरा धागाही त्याच लंडनच्या खोलीतून निघतो. ऍस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन रोखतात हे व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं. त्याच वर्षी फेरेरा आणि मोंकादा यांच्यासह त्यांनी केलेला प्रयोग कुत्र्याच्या प्लीहेवरचा होता. या कामाबद्दल १९८२चं नोबेल व्हेन यांना इतर दोघांबरोबर मिळालं. ज्या दोन औषधकुळांना एकत्र देताना आज पशुवैद्य कचरतात, त्या दोन्हींच्या जन्माशी एकच प्रयोगशाळा आणि एकच प्राणी जोडलेला आहे.

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेदनाशामकापेक्षा आपल्याकडे मोठी भीती आहे ती घरच्या डब्यातल्या गोळीची. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याला एरवीही विषारी. हृदयाच्या गोळ्यांवर असलेल्या कुत्र्याला तर एखादी गोळीही महागात पडू शकते. डायक्लोफेनॅक किडनीचं काय करू शकतं हे भारताने गिधाडांच्या रूपाने पाहिलंय. औषध दिलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडं किडनी निकामी होऊन मेली, हे २००४ मध्ये सिद्ध झालं आणि २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. कुत्रा म्हणजे गिधाड नव्हे, त्याची सोसण्याची ताकद बरीच जास्त आहे. तरी लंगडतोय म्हणून अर्धी गोळी दिली, हे वाक्य पशुवैद्याच्या कानाला गोड लागत नाही.

महाराष्ट्राच्या ऋतूंचाही यात हात असतो. विदर्भातल्या मे महिन्यात कुत्रा दिवसभर धापा टाकून पाणी गमावतो, खाणं सोडतो, आणि लघवीची गोळी मात्र हिवाळ्यातल्याच मात्रेत चालू असते. पावसाळ्यात मुंबईत आणि कोकणात लेप्टोस्पायरोसिस पसरतो. तो कुत्र्यांच्या किडनीवर थेट घाला घालतो. हृदयाच्या गोळ्या घेणारा कुत्रा जुलैत एकाएकी उलट्या करू लागला, तर गोळ्यांना दोष देऊन मोकळं न होता लेप्टोची तपासणी करून घ्यायला हवी. उलट्या-जुलाब कशामुळेही होवोत, त्या दिवशी सगळ्या गोळ्या नेहमीसारख्या द्यायच्या की काही तात्पुरत्या थांबवायच्या, हे डॉक्टरांना फोन करून विचारावं. बहुधा ते 'प्रिल' गोळी एक-दोन दिवस थांबवायला आणि लघवीची गोळी कमी करायला सांगतात. हा निर्णय घरच्या घरी मात्र घेऊ नये, कारण काहींची फुफ्फुसं एक डोस चुकला तरी भरू लागतात.

आजारी कुत्र्याला नारळपाणी पाजण्याची प्रथा आहे. त्यात पोटॅशियम भरपूर. 'प्रिल' गोळी आणि तिच्या जोडीला दिलं जाणारं, अल्डोस्टेरॉन रोखणारं स्पायरोनोलॅक्टोन ही दोन्ही औषधं शरीरात पोटॅशियम अडवून ठेवतात. किडनी आधीच मंदावली असेल तर ते धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं आणि पोटॅशियम वाढलं की हृदयाची लयच बिघडते. गोळी दडवायला मनुका घातलेला शिरा वापरणाऱ्यांनीही थांबावं. द्राक्षं आणि मनुका काही कुत्र्यांची किडनी स्वतंत्रपणे बंद पाडतात.

रक्तदाबासाठीच्या अ‍ॅम्लोडिपिनची कथा थोडी निराळी. ते गाळणीत रक्त आणणारी धमनिका जास्त सैल करतं. त्यामुळे एकूण रक्तदाब उतरला तरी शिल्लक दाबाचा मारा थेट गाळणीवर होतो. म्हणून कुत्र्यांत ते एकटं न देता 'प्रिल' गोळीच्या जोडीने देण्याचा प्रघात आहे. इथे एकाने केलेली अडचण दुसरी सावरते. आणि मुळात दाब खरंच वाढलाय का, हे मोजणं कुत्र्यात सोपं नाही. दवाखान्याच्या वासानेच काहींचा दाब वीस-तीसने चढतो. शांत खोलीत पाच-दहा मिनिटं बसवून, पायाच्या किंवा शेपटीच्या घेराच्या तीस-चाळीस टक्के रुंदीचा पट्टा बांधून, पहिलं वाचन सोडून पुढच्या पाच-सात वाचनांची सरासरी घेतली तर आकड्याला अर्थ. ती १६०च्या वर वारंवार आली तर उपचाराचा विचार होतो आणि १८०च्या वर असेल तर डोळा, मेंदू, किडनी सगळेच धोक्यात. एकाच वाचनावर आयुष्यभराची गोळी सुरू करणं हा किडनीवर अन्यायच.

डिगॉक्सिनसारखी जुनी औषधं किडनीला फारशी इजा करत नाहीत, पण बाहेर पडायला त्यांना तीच वाट लागते. किडनी मंदावली की औषध साचतं, भूक जाते, उलट्या होतात, ठोके चुकतात. एनालाप्रिलही मुख्यत्वे किडनीतूनच जातं. बेनाझेप्रिल कुत्र्यात साधारण अर्धं पित्तावाटे निघून जातं, म्हणून किडनी कमकुवत असेल तर पुष्कळ डॉक्टर त्याच्याकडे वळतात.

क्रिएटिनिनच्या आकड्यावरही डोळे झाकून विसंबता येत नाही. तीन चतुर्थांश गाळण्या निकामी होईपर्यंत तो नॉर्मलच्या चौकटीत राहू शकतो. शिवाय क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंतून, आणि हृदयविकाराच्या शेवटी शेवटी कुत्र्याचे स्नायू वितळतात, पाठीचा कणा हाताला लागतो. स्नायू कमी तर क्रिएटिनिन कमी. आकडा १.२ आणि कुत्रा मात्र हाडांचा सापळा, अशा वेळी तो १.२ दिलासा देत नाही. २०१५पासून उपलब्ध झालेली एसडीएमए ही रक्ततपासणी स्नायूंवर अवलंबून नसते आणि बिघाड तुलनेने लवकर दाखवते. आपल्याकडे ती मोठ्या शहरांतल्या मोजक्याच प्रयोगशाळांतून होते आणि खर्चीक आहे. पण दर भेटीला वजन करून लिहून ठेवायला काही लागत नाही.

एवढी काळजी घ्यावी लागणारी 'प्रिल' गोळी मुळात लागते तरी का, असा प्रश्न पशुवैद्यकातही विचारला जातोय. स्कँडिनेव्हियात २२९ कॅव्हेलियर कुत्र्यांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लक्षणं दिसण्याआधीच एनालाप्रिल दिल्याने हृदय निकामी होणं लांबलं नाही. २०२० मधल्या दोन अभ्यासांनी वाद पुन्हा पेटवला. एकात पिमोबेंडन (हृदयाचं आकुंचन जोरकस करणारं औषध) आणि फ्युरोसेमाइड चालू असताना रॅमिप्रिलची भर घालून फायदा दिसला नाही. दुसऱ्यात लक्षणांपूर्वी बेनाझेप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन देऊनही आजार लांबला नाही. याउलट पिमोबेंडनने २०१६च्या ३६० कुत्र्यांच्या 'एपिक' अभ्यासात, हृदय मोठं झालेल्या पण लक्षणं नसलेल्या कुत्र्यांत फुफ्फुसात पाणी होणं सरासरीने पंधरा महिने पुढे ढकललं, आणि किडनीच्या दृष्टीने ते सौम्य आहे. प्रत्यक्ष पाणी झाल्यावर पिमोबेंडन, फ्युरोसेमाइड, 'प्रिल' आणि स्पायरोनोलॅक्टोन असा चार गोळ्यांचा संच बहुतेक तज्ज्ञ अजूनही लिहितात. तरी किडनी अशक्त असलेल्या कुत्र्यात त्या चारांतली 'प्रिल' गाळण्याचं धाडस आता पूर्वीपेक्षा जास्त जण करतात. उपलब्ध पुरावा पाहता ते वावगं वाटत नाही.

रोजच्या व्यवहारात उरतं ते वेळापत्रक. गोळी सुरू करण्याआधी क्रिएटिनिन, युरिया, सोडियम, पोटॅशियम. सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर एक-दोन आठवड्यांत तेच पुन्हा. नंतर तब्येत स्थिर असेल तर तीन ते सहा महिन्यांनी. यातली दुसरी तपासणी सर्वांत जास्त चुकवली जाते, कारण तोवर कुत्रा खेळायला लागलेला असतो आणि घरच्यांना सुई टोचवत नाही. दातांच्या सफाईसाठी भूल द्यायची असेल तर 'प्रिल' गोळी चालू असल्याचं आधी सांगावं. भुलेखाली रक्तदाब कोसळून किडनीला इजा होऊ शकते, त्यामुळे अनेक भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी ती थांबवतात.

आणि शेवटच्या टप्प्यात अशी वेळ येते की फुफ्फुस आणि किडनी दोघांना एकाच वेळी राजी ठेवता येत नाही. झोपेतले श्वास मिनिटाला तिसाच्या वर गेलेत, छातीत घरघर आहे आणि क्रिएटिनिन आधीच २.५ आहे. इथे पशुवैद्य फ्युरोसेमाइड वाढवतात. क्रिएटिनिन साडेतीनला जाईल हे त्यांना ठाऊक असतं. साडेतीन क्रिएटिनिनवर नीट खाणारा-पिणारा कुत्रा काही महिने काढू शकतो, भरलेल्या फुफ्फुसावर मात्र त्याच्या हातात काही तासच असतात. श्वास स्थिरावले की मात्रा एकेक पायरी खाली आणतात, दर पायरीनंतर काही दिवसांनी रक्त तपासतात आणि जिथे झोपेतले श्वास पंचवीसच्या आसपास राहतात त्या सर्वांत कमी मात्रेवर थांबतात. ती मात्रा प्रत्येक कुत्र्याची वेगळी असते आणि ती शोधायला लागणारी अर्धी माहिती घरच्याच वहीतून येते. कुत्रा गाढ झोपलेला असताना मोजलेले मिनिटभराचे श्वास, तारीख टाकून.